पाय कुठं गेले

राधिकानं अंगणात सडा टाकला, चहाचं आधण ठेवायला घरात गेली, आणि परत बाहेर आली तर ओल्या शेणसड्यावर रक्ताचे ठसे उमटलेले. एकाच पायाचे, डाव्या टाचेचे. फाटकापासून ओट्यापर्यंत.

"मामी, ओ मामी! हे बघा काय!" सासूला ती मामी म्हणायची. "रगताचे पाय हायेत अंगणात."

शिलाबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिनं मान वर करून बघितलं. तिला वाटलं, कुत्र्यानं एखाद्या शेळीला फाडलं असेल. तिचा नवरा मुंजाजी गोठ्यातून आला, खाली वाकून ठशांच्या मागं मागं चालत राहिला. ठसे फाटकातून आत आले होते, पायरी चढून ओट्यावर गेले होते आणि शिलाबाईपाशी येऊन थांबले होते.

"पाय दाखव बरं तुजा," मुंजाजी म्हणाला.

टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, बोटाएवढा. आसपासचं कातडं रक्तानं आणि शेणानं माखलेलं. उकिरड्यावर शेण टाकून येताना डाव्या पायातली चप्पल वाटेतच कुठंतरी राहून गेली होती, आणि तेही तिला कळलेलं नव्हतं.

"दुखलं न्हाई का हो तुमाला?" राधिकानं डोळे मोठे केले.

"दुखलं ना. म्हनलं, हातातलं काम उरकावं, मंग काढावा."

ती खोटं बोलली. मुंजाजीनं सुई तापवून आणली आणि तिचा पाय मांडीवर घेऊन काटा कोरायला बसला. तो सुई खोल घालायचा तेव्हा शिलाबाई दातांतून श्वास ओढायची, ओठ चावायची, दुखतं तेव्हा माणूस करतं तसं सगळं करायची. प्रत्यक्षात तिला काहीच लागत नव्हतं. दुसऱ्याच कुणाच्या पायातला काटा काढून राहिलेत आणि आपण बघत बसलोय, असं वाटत होतं.

त्या दिवसापासून तिच्या पोटात भीतीनं घर केलं. खरं म्हणजे भीती त्याच्या आधीपासूनच दारात उभी होती. दिवाळीनंतर तळपायांना मुंग्या यायला लागल्या होत्या, तेव्हाच तिनं तिला ओळखलं होतं. ओळखून दार लावून घेतलं होतं, इतकंच.

कारण हे सगळं तिनं एकदा बघितलेलं होतं.

तिचं माहेर जवळा बाजारच्या अलीकडं. घरात मेंढरं होती, थोडी कोरडवाहू जमीन होती. आई चंद्रभागाबाई धडधाकट बाई, कमरेला कोकरू बांधून कोसभर चालणारी. शिला सातवीत असताना तिच्या आईच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मग ती कापसावर चालल्यासारखी चालायला लागली, भिंतीला हात लावून, पायांकडं बघत. जीभ लालभडक झाली, मिरची सोसेना. मग ती विसरायला लागली. आणि मग एके दिवशी तिनं जेवता जेवता ताट भिरकावून दिलं. म्हणाली, सुनेनं कालवणात इख घातलंय.

गाव म्हणालं, बाहेरचं लागलं. लिंबू उतरले, अंगारा लावला, लांबच्या एका बाबाकडं नेऊन तिला झोडूनही आणलं. चंद्रभागाबाई विहिरीच्या काठाशी जाऊन कुणाशी तरी बोलत उभी राहायला लागली, तेव्हा वडलांनी आणि थोरल्या भावानं, भारतनं, तिला मागच्या खोलीत कोंडलं. बाहेरून कडी. खिडकीच्या गजांतून भाकर द्यायचं काम शिलाकडं होतं. अंधारात भुईवर बसलेली आई दोन्ही हातांनी आपल्या मांड्या चाचपायची आणि म्हणायची, "शिले, माजे पाय कुठं गेले बघ गं. आताच होते इथं."

थंडीत ती गेली. शिलाचं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थानं सांगितलं, पोरीची माय तापानं वारली. साखऱ्याला नांदायला आलेल्या शिलानं तेच सांगितलं, आणि आज नातीची आजी झाली तरी मुंजाजीला दुसरं काही माहीत नव्हतं.

मुंग्या आता घोट्याच्या वर चढल्या होत्या. दिवसाउजेडी तिचं बरं चालायचं, कारण ती पायांकडं बघून चालायची. कुठं ठेवायचा तो पाय डोळ्यांनी ठेवायची. एकदा न्हाणीत तोंडाला साबण लावून तिनं डोळे मिटले आणि तोल जाऊन ती सरळ रांजणावर आदळली. कुणी ढकलल्यासारखी. कपाळाला टेंगूळ आलं. राधिका धावत आली तर म्हणाली, शेवाळावरून घसरले. न्हाणीत शेवाळ नव्हतं.

मग ती आरशात जीभ बघायला लागली. घरात कुणी नसलं की कोनाड्यातला आरसा घेऊन दारात उजेडाला बसायची आणि जीभ काढायची. लाल, गुळगुळीत, घोटून काढल्यासारखी. आरशातलं तोंड तिला आपलं वाटायचंच नाही. ते तिच्या आईचं असायचं.

मुंजाजीला एवढंच दिसत होतं की बायको वाळून चाललीय, पिवळी पडलीय. त्यानं तिला कनेरगाव नाक्यावरच्या एका डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा आहे, या वयात बायांना येतोच. एक सलाईन लावली, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. पायांबद्दल शिलाबाई चकार शब्द बोलली नाही. विचारलंच नाही तर सांगायचं कशाला, आणि सांगितलं तर तो काय म्हणेल, याचंच तिला भय.

पण सगळ्यांत वाईट गोष्ट माघात घडली. आणि ती पायांची नव्हतीच.

दुपारची वेळ. राधिकानं तिला वरण-भाकर वाढली आणि ती नातीला पाजायला आत गेली. शिलाबाईनं पहिला घास घेतला. वरणाला कसलीतरी कडसर चव लागली. तिनं घास तोंडातच धरला आणि आतल्या दाराकडं बघितलं. राधिकाचं गुणगुणणं ऐकू येत होतं. काहून गुणगुणून राहिली ही? आपल्याला वाढल्यावर लगेच आत काहून गेली? काल नवऱ्याच्या, परमेश्वरच्या, कानाशी लागून काय बोलत होती? एकेक गोष्ट दुसरीला जोडत गेली आणि क्षणात सगळं लख्ख झालं. हिनं यात काहीतरी कालवलंय.

तिनं घास थुंकला. ताट उचललं. भिरकावण्यासाठी हात वर गेला, आणि तिथंच थिजला.

हा विचार तिचा नव्हता. तो तिनं लहानपणी ऐकलेला होता.

ताट खाली ठेवून ती भिंतीला टेकून बसली. राधिका तिच्या पोटच्या लेकीसारखी, माहेरी गेली तरी दिवसाआड फोन करून "मामी, जेवलात का" विचारणारी. आणि तिच्यावर संशय घ्यायला मनाला किती सोपं गेलं. पाय गेले ते गेले. आता डोक्यात कुणीतरी येऊन बसायला लागलंय, आणि ते आपल्याच आवाजात बोलतंय. पुढच्या वेळी हात थांबेल कशावरून?

"मामी, जेवल्या न्हाईत?" राधिकानं बाहेर येऊन विचारलं.

"भूक न्हाई, माय," शिलाबाई म्हणाली. तिला राधिकाच्या डोळ्यांकडं बघवेना.

शिमग्याच्या आसपास हळद काढणीला आली. शेतात आखाड्यावर, खोपीपाशी, हळद शिजवायची भट्टी लागली आणि घरची सगळी माणसं तिकडंच. परमेश्वर आणि राधिका वाफेत उभे, मुंजाजी हळद पसरतोय. शिलाबाईकडं काम एकच, नातीला सांभाळायचं. छकुली अजून बोलायला लागली नव्हती. आजीच्या कडेवर बसून तिचं मंगळसूत्र तोंडात घालायची.

दिवस कलला तसं पोरगं किरकिर करायला लागलं. राधिका म्हणाली, "मामी, तुमी घ्या घरी तिला. दूध पाजून निजवा. आमी येतोच हे उरकून."

नाही कसं म्हणायचं? शिलाबाई पोरीला कडेवर घेऊन बांधानं निघाली. वाट पायाखालची, आयुष्य गेलेलं त्या वाटेवर. पण ती बघून बघून चालत होती, म्हणून वेळ लागत होता, आणि वेळ लागत होता तसा उजेड जात होता. पश्चिमेकडं थोडी तांबूस पट्टी उरली होती. गावातले दिवे दिसत होते, त्यांच्या अंदाजानं ती जात होती.

विहिरीजवळ पोचली आणि लाईट गेली. सगळं गाव एकदम पुसलं गेलं.

तिनं खाली बघितलं. पाय दिसेनात. आणि दिसेनात म्हणजे उरलेच नाहीत. गुडघ्यांच्या खाली काहीच नव्हतं. पाय पुढं आहे की मागं, टेकलाय की हवेत आहे, बांधावर आहे की काठावर, काही म्हणजे काही कळेना. विहिरीला कठडा नव्हता. उजव्या हाताला पाण्याचा गारवा लागत होता, तो किती जवळून येतोय ते समजेना. तिनं एक पाऊल टाकलं. म्हणजे टाकलं असावं. एक ढेकूळ सुटलं, आणि बऱ्याच वेळानं खालून डुबुक असा आवाज आला.

अंग झुकायला लागलं. कुणीकडं झुकतंय तेही कळत नव्हतं. छकुलीनं दोन्ही मुठींनी तिचं लुगडं धरलं.

"माजे पाय कुठं गेले," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. तो आवाज ऐकून तिच्या अंगावर सरसरून काटा आला, कारण खिडकीच्या गजांआडून ऐकलेला तोच आवाज होता तो, तसाच, त्याच हेलात.

मग तिनं पोरीला छातीशी आवळलं आणि होती तिथं धप्पकन खाली बसली. देवानं तिला जमिनीवर बसवलं की कशावर, ते तिला ढुंगणाला माती लागल्यावर कळलं. डाव्या हातानं तिनं गवताचा बुडखा पकडला. एका हातात गवत, एका हातात लेकरू. हलायचं नाही. पोरगं रडायला लागलं, हात-पाय झाडायला लागलं, निसटायला बघू लागलं. ती त्याला दाबून धरत होती आणि मनात म्हणत होती, आता कुणी आवाज देऊ नये मला. विहिरीतून कुणी माझं नाव घेतलं तर मी जाईन. माय जाऊन उभी राहायची तशी जाईन.

"शिला! ए शिला!"

ती कानावर हात ठेवणार होती, पण हात मोकळा नव्हता. आवाज पुन्हा आला, मागून, आखाड्याच्या बाजूनं. मोबाईलचा उजेड हलत हलत जवळ आला. मुंजाजी होता. छकुलीचं रडणं ऐकून धावत आला होता. उजेडात तिला दिसलं की आपण काठापासून हातभरही लांब नाही. आपला उजवा पाय विहिरीत लोंबतोय.

मुंजाजीनं आधी पोरीला घेतलं, मग तिच्या दंडाला धरून तिला मागं ओढलं.

"काय करून राहिलीस इथं? जीव द्यायला आलतीस का लेकराला घेऊन?"

"न्हाई वो. न्हाई." आणि मग ती रडायला लागली आणि सगळं बाहेर आलं. पायांच्या मुंग्या, न्हाणी, जीभ, राधिकाचं वरण. आणि आई. "तापानं न्हाई मेली माजी माय. येडी होऊन मेली. कोंडून घातलती तिला. तेच आलंय माज्यात. तुमी उद्यापासून हे लेकरू माज्याकडं देऊ नका. पण मला कडी लावू नका. तुमच्या पाया पडते, कडी तेवढी लावू नका."

मुंजाजीनं मोबाईलचा उजेड तिच्या पायांवर धरला. छकुली त्याच्या खांद्यावर हुंदके देत होती.

"मी काहून कडी लावीन तुला?" तो म्हणाला. "ऊठ. माज्या खांद्याला धर."

घरी जाईपर्यंत तो पुन्हा काही बोलला नाही. आपण सांगून चुकलो का, हा प्रश्न तिला वाटभर कुरतडत राहिला.

सकाळी हळदीची भट्टी पोरावर सोपवून तो तिला घेऊन हिंगोलीला गेला. नसांच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई होत्या तिथं, प्रतिक्षा नावाच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी तिला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. शिलाबाईनं मिटले आणि ती कोसळली. मुंजाजी मागं उभा होता म्हणून बरं. मग त्यांनी चिमट्यासारखं एक लोखंडी उपकरण टेबलावर आपटून तिच्या घोट्याच्या हाडावर धरलं.

"थरथर लागते का, मावशी?"

"गार लागतंय. थरथर न्हाई."

गुडघ्यावर धरलं. तिथं थोडी लागली. जीभ बघितली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. मग विचारलं, "घरात कुणाला असं झालं होतं? आईला, मावशीला?"

शिलाबाईनं मुंजाजीकडं बघितलं. ज्या प्रश्नाला ती आयुष्यभर चुकवत आली, तो हाच. तो मान खाली घालून बसला होता. "सांग ना," तो म्हणाला.

तिनं सांगितलं. सांगताना ती डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट शोधत होती. येडी हा शब्द तिथं उमटतो का. उमटला नाही. त्या मधूनमधून विचारत होत्या, जीभ लाल होती का, अंधारात जास्त पडायच्या का. असं विचारत होत्या की जणू त्या बाईला त्या भेटून आल्या होत्या.

"मावशी, मला वाटतं तुमच्या शरीरात एक व्हिटॅमिन कमी पडलंय. बी-ट्वेल्व्ह म्हणतात त्याला. ते नसलं की नसा खराब होतात, रक्त कमी होतं, आणि डोक्यावरही परिणाम होतो. विसरणं, संशय, भास. रक्त तपासलं की कळेल."

"पण आमी तर समदं खातो. दूध हाय घरचं, मटण हाय."

"काहींच्या पोटात ते उचलून रक्तात न्यायची सोयच नसते. कितीही खाल्लं तरी तसंच निघून जातं. असं घराण्यातही असू शकतं."

"मंग माज्या मायला हेच व्हतं का?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मी त्यांना बघितलेलं नाही. पण तुम्ही सांगता त्यावरून, असू शकतं."

"अन् त्याला काय करावं लागतं?"

"इंजेक्शनं. आधी भराभर, मग महिन्याला एक. कायमची. पण किती भरून येईल ते आज नाही सांगता येणार. उशीर झालाय."

रक्त तपासणीला नांदेडला गेलं. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागणार होते. पहिलं इंजेक्शन त्यांनी रक्त घेतल्यावर लगेच दिलं, वाट बघत बसलो तर अजून नुकसान होईल म्हणाल्या. पण शिलाबाईचे ते दिवस फार वाईट गेले. नसलंच ते व्हिटॅमिन कमी, तर? सगळं बरोबर आहे असं कागदावर आलं, तर मग उरेल ते काय असेल? ती ओट्यावर बसून राहायची. छकुली रांगत जवळ आली की हात मागं घ्यायची. राधिकाला मुंजाजीनं काय सांगितलं होतं कोण जाणे. ती ताट वाढायची, त्यातलाच एक घास स्वतः खायची आणि मगच ताट पुढं सरकवायची.

रिपोर्ट आला. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं कमी त्यांनी क्वचितच बघितलंय.

इंजेक्शनं सुरू राहिली. आधी जीभ निवली. मग एका सकाळी तिच्या लक्षात आलं की डोक्यातला तो कुजबुजणारा गेलाय. कधी गेला ते कळलंच नाही. पाय मात्र पूर्ण आले नाहीत. पावसाळा संपेपर्यंत घोट्यापर्यंत जाग आली, तळवे तसेच बधिर राहिले. अंधारात ती आता काठी आणि बॅटरी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. विहिरीला मुंजाजीनं कठडा बांधून घेतला, तरी त्या वाटेनं ती जात नाही. भीतीही पूर्ण गेली नाही. एखादं नाव आठवलं नाही, कुणाच्या बोलण्यात वाकडं काही जाणवलं, की ती इंजेक्शनची तारीख मोजायला लागते.

आणि बरं वाटायला लागलं तसं दुसरंच एक दुखणं वर आलं. दंडात सुई टोचली जाताना दर वेळी तिच्या मनात यायचं, एवढंच होतं? एवढीशी बाटली?

दसऱ्यानंतर ती माहेरी गेली. भारतचे केस पांढरे झाले होते. बायको जाऊन त्याला बरेच दिवस झाले होते. तो ओसरीवर बाजेवर बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं तसं. मायला बाहेरचं नव्हतं, वेड नव्हतं, पोटातला दोष होता, सुईनं आवरला असता.

भारत ऐकत राहिला. बोटांनी तो धोतराच्या टोकाशी चाळा करत होता. "मंग आपुन तिला..." तो म्हणाला.

"तुला कुटं ठाऊक व्हतं, दादा."

"ती कडी वाजवायची गं. समदी रात वाजवायची. मी कानावर गोधडी घ्यायचो."

शिलाबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. त्याच्या चेहऱ्याला पिवळट छटा होती. बाजेवरून उठताना त्यानं आधी खांब धरला, मग पायांकडं बघितलं, आणि मग पाऊल टाकलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"दादा, मी बघितलेलं हाय हे. कधीपासून?"

तो खांबाला धरून उभा राहिला. "उन्हाळ्यापासून," तो म्हणाला. "कुणाला सांगू नको, शिले. पोरं कोंडतील मला."

तिनं खुंटीवरचा त्याचा सदरा काढला आणि त्याच्या अंगावर घातला, एकेक बाही धरून. बटणं त्याच्या बोटांना लागेनात, ती तिनं लावली. जवळा बाजारहून हिंगोलीची एसटी होती. खिडकीकडं त्याला बसवलं. गाडी सुटली तरी तो तिचं मनगट सोडीना.

"सुई दुखती का गं?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"दुखती," ती म्हणाली. "दंड जड राहतो जरा. शेकलं की उतरतं."